कर्जाची नोंद किती वर्षें राहते?

कर्ज फिटलें म्हणजे त्याची नोंदही पुसली गेली, अशी सामान्य समजूत आहे; परंतु ती खरी नाहीं. कर्ज आणि कर्जाची नोंद ह्या दोन भिन्न गोष्टी असून त्यांचें आयुष्यही भिन्न असतें. जव्हार-मोखाड्यांतील ज्या घरीं बचत गटाचें, दुचाकीचें अथवा मोबाइलचें कर्ज हप्त्यांनीं फिटत आहे, तेथील मुलांस हा भेद समजणें अगत्याचें आहे.

ऋणास कोठें तरी शेवट असावा, हें प्राचीनांनींही ओळखिलें होतें. इस्राएल लोकांत दर सातव्या वर्षीं ऋणमोचनाचा नियम होता. आपल्याकडे दामदुपटीचा नियम असा कीं, एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक असूं नये. तथापि केवळ वर्षें ठरविल्यानें ऋणको सुरक्षित होत नाहीं; हा धडा दख्खनच्या इतिहासानें दिला आहे.

इ. स. १८५९ च्या कायद्यानें साध्या कर्जरोख्यावर फिर्याद करण्याची मुदत ३ वर्षें ठरली. व्याज फार सांचूं नये, हा त्यांतील हेतु. परंतु मुदत संपत आली कीं सावकार शेतकऱ्याकडून नवा रोखा लिहून घेई. जुनें मुद्दल व थकलेलें व्याज मिळून नवें मुद्दल होई आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. अशा रीतीनें ऋण कधीं जुनें होतच नसे. अखेर १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी उठले. तेथें व इतर गांवींही त्यांनीं सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. पुढें १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यानें रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहाराचा हिशेब पाहण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला.

आजच्या पालघर जिल्ह्याच्या टापूंत याहून कठीण प्रकार होता. लग्नासाठीं थोडे रुपये घेऊन वारली तरुण ‘लग्नगडी’ होई आणि ते फेडण्यासाठीं सावकाराकडे वर्षानुवर्षें राबे. वही सावकारापाशीं, अक्षरओळखही त्यालाच. तेव्हां कर्ज केव्हां फिटलें हें सांगणाराही तोच. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें असलें कर्ज फेडण्याची जबाबदारीच नष्ट केली.

आतां सांप्रतची वही पाहूं. भारतांत कर्जदारांची माहिती चार पतमाहिती कंपन्या ठेवितात. त्यांपैकीं २००० सालीं स्थापन झालेल्या ‘सिबिल’चें नांव विशेष परिचित आहे. हप्ता वेळेवर आला कीं नाहीं हें बँका त्यांस कळवितात आणि त्यावरून ३०० ते ९०० पर्यंत गुणांक ठरतो. २००५ च्या कायद्याखालील नियमांप्रमाणें ही माहिती निदान ७ वर्षें जतन करावी लागते. ‘निदान’ हा शब्द ध्यानांत ठेवा. ही खालची मर्यादा होय, वरची नव्हे. अमेरिकेंत याच्या उलट रीत आहे. तेथें १९७० च्या कायद्याप्रमाणें थकबाकीची नोंद बहुधा ७ वर्षांनीं अहवालांतून गाळावी लागते. ती मुदत मूळ थकबाकीपासून मोजतात. कर्ज दुसऱ्या वसुलीदाराच्या हातीं गेलें म्हणून ती नव्यानें सुरू होत नाहीं. सुप्याच्या शेतकऱ्यास नेमकें हेंच संरक्षण नव्हतें.

आणखी तीन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. तडजोडीनें थोडी रक्कम भरून मिटविलेलें खातें पूर्ण फेडीसारखें मानिलें जात नाहीं. अहवालांत त्यापुढें ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. दुसऱ्यास जामीन राहिल्यास तें कर्ज जामिनाच्याही अहवालांत दिसतें. आणि नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घेण्याचा आपणांस हक्क आहे: प्रत्येक कंपनीकडून वर्षांतून एकदां संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, आणि तक्रारीचा निकाल ३० दिवसांत न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

परंतु आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांचें ऋण ह्या अहवालांत येतच नाहीं. भाताची कापणी आटोपली कीं तीं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. त्यांनीं घेतलेली उचल मुकादमाच्या वहींत असते. तींत काय लिहिलें आहे, हें घरांतील कोणी वाचलें नाहीं, तर जुन्या लग्नगड्याची स्थिति फारशी दूर राहत नाहीं. म्हणून घरीं एक स्वतंत्र वही ठेवा. उचल किती, दर आठवड्याची खर्ची किती, विटा किती पडल्या, हें तारखेसह लिहा आणि मुकादमाच्या हिशेबाशीं ताडून पाहा. नोंद किती वर्षें राहते, हा प्रश्न महत्त्वाचा खराच. परंतु ती कोण लिहितो आणि कोण वाचतो, हा त्याहून महत्त्वाचा. तुम्हांस वाचतां येतें. तो उपयोग प्रथम आपल्या घरच्या हिशेबास होऊं द्या.