वाचनालयांत कसें वागावें

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ मुलें शिक्षणासाठीं किंवा नोकरीच्या परीक्षांसाठीं अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथें नातेवाइकांकडे जाऊन राहतात. तेथें बहुधा एका खोलींत पांचसात माणसें राहतात व दूरदर्शनसंच रात्रीं दहापर्यंत चालूं असतो. अशा मुलास सार्वजनिक वाचनालयांतील खुर्ची हीच अभ्यासाची खोली होय. तेथील रीत त्यास घरून निघतांना कोणी सांगत नाहीं. म्हणून हा धडा.

हीं वाचनालयें बहुतेक लोकांनींच उभारलेलीं आहेत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालीं स्थापन झालें व पुढें त्याच्या शाखा उपनगरांतही निघाल्या. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ सालचा. त्याचेंही ग्रंथालय आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वयें मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांस सरकारी अनुदान मिळतें. तेव्हां तेथें कोणाच्या मेहेरबानीनें बसावयाचें नसतें, आणि तेथील कोणतीही वस्तु आपली एकट्याची नसते.

दारांतील वहींत नांव लिहावें, पिशवी सांगतील तेथें ठेवावी, मोबाईलचा आवाज बंद करावा. हें सर्वांस कळतें. परंतु आपणां खेड्यांतील लोकांस एक संवय आहे, ती मात्र मोडावी लागते. आपण मोठ्यानें वाचतों. गांवीं तें पुण्याचें काम आहे, कारण चार निरक्षर माणसें भोंवतीं बसून ऐकतात. वाचनालयांत मात्र शेजारी बसलेला प्रत्येकजण स्वतःचें वाचीत असतो. तेथें ओठांतली गुणगुणही त्यास टोंचते.

कपाटांतून काढलेलें पुस्तक आपण होऊन परत लावूं नये; मेजावर ठेवावें किंवा ग्रंथपालाच्या हातीं द्यावें. हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. पुस्तकाच्या पाठीवरील चिठ्ठींत जो क्रमांक असतो, त्यावरून त्याची जागा ठरते. दोन हात अंतरावर चुकीच्या ठिकाणीं ठेवलेलें पुस्तक नोंदींत हजर, पण शोधणाऱ्यास सांपडत नाहीं. डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं; त्यांतील चौथें वाचकाचा वेळ वांचविण्याविषयींच आहे. तसेंच वर्तमानपत्रांतील नोकरीची जाहिरात कधीं फाडून घेऊं नये. ती वहींत उतरून घ्यावी. तुमच्यामागून येणारा कदाचित् तुमच्याहून अधिक गरजू असेल, आणि त्यास अर्जाची शेवटची तारीख मुळीं कळणारच नाहीं.

सर्वांत मोठा अपराध जागा अडविण्याचा. मित्रासाठीं वही ठेवून खुर्ची राखणें, पुस्तक उघडें टाकून चहास जाणें व तासभर न परतणें, ह्या गोष्टी नित्य घडतात. गोंगाट करणाऱ्यास निदान कोणी हटकतो. रिकाम्या खुर्चीवरील वहीस कोणीच हटकीत नाहीं.

दुसऱ्यांस काय सांगावें! उपनगरांतील एका वाचनालयांत मीं टिपणें काढीत बसलों असतां शेजारच्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवली होती. पाऊण तासानें मान वर केली, तों भिंतीस टेंकून एक मुलगा उभ्यानेंच गणितें सोडवीत होता. मीं घाईनें पिशवी उचलली. तो म्हणाला, "राहूं द्या काका, मला वाटलें कोणी येणार आहे." येणारें कोणीच नव्हतें.