तीन चाकांची फटफटी

कळवणच्या रस्त्यांवर मी तीस वर्षे फटफटी चालवली. पुढे गुडघा अधू झाला. गाडी थांबली की तिचा भार पायाला पेलेना. मुले म्हणाली, "अण्णा, आता घरीच बसा." पण शेत, बाजारहाट, सगेसोयरे कसे सोडायचे? मग मी तीन चाकांची गाडी घेतली. पुढे एक चाक, मागे दोन.

तिवई डगमगत नाही. तशी ही गाडी आपोआप उभी राहते. वाटले, पडण्याची भीती गेली. पण पहिल्याच वळणावर आतल्या बाजूचे चाक उचलले! छातीत धस्स झाले.

असे का झाले? फटफटी वळताना कलते. ही गाडी कलत नाही. वेग जास्त असला, की भार बाहेरच्या बाजूला जातो आणि गाडी उलटू पाहते. म्हणून वळणाच्या आधीच वेग कमी करावा. हँडल वळवावे आणि अंग आतल्या बाजूला झुकवावे. ओझे खाली, मधोमध बांधावे. नांदुरीहून सप्तशृंगगडावर जाणाऱ्या घाटात हे विसरू नये.

आणखी एक. थांबताना जुन्या सवयीने पाय खाली टाकू नका. मागचे चाक पायावर येईल.

जुन्याच गाडीला जादा चाक बसवायचे असेल, तर आधी आरटीओ कार्यालयाची मंजुरी घ्या. परवान्याचेही तिथेच विचारा.

कोणी हसले, तर हसू द्या. जर्मनीत कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली ज्या मोटारीचा हक्क नोंदवला, तिलाही तीनच चाके होती.

गाडी बदलली, की सवयही बदलावी.