दोन पंथांचें एक कुटुंब

वधू एका पंथाची व वर दुसऱ्या पंथाचा, असा विवाह आमच्या ख्रिस्ती समाजांत आतां नवलाचा राहिलेला नाहीं. विवाहाचा दिवस आनंदांत जातो. पण त्यानंतरचा पहिला रविवार उजाडला म्हणजे नव्या घरांत एक साधा परंतु अवघड प्रश्न उभा राहतो : आज उपासनेस कोठें जावयाचें? पुष्कळ घरांत ह्याचें उत्तर कोणी विचारपूर्वक देतच नाहीं. वधू वराच्या घरीं आली, त्या अर्थीं ती त्याच्या मंडळींतही आली, असें धरून चालण्यांत येतें. वडीलधारी माणसें अशा वेळीं रूथेचा दाखला देतात. दाखला सुंदर खरा. परंतु रूथ सासूबरोबर गेली ती पति वारल्यावर, आणि नामी तिला पुनः पुनः परत जावयास सांगत असतां स्वखुषीनें गेली, एवढें दाखला देणाऱ्यांनीं विसरूं नये.

आपले पंथ आपणांस मिळाले कसे, हें आधीं पाहूं. महाराष्ट्रांतील बहुतेक प्रॉटेस्टंट घराण्यांनीं आपला पंथ ग्रंथ वाचून निवडलेला नाहीं. तो जिल्ह्यानें ठरविला आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ सालीं मुंबईस उतरले व १८३१ सालीं त्या मिशननें अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) ठाणें केलें. म्हणून नगरकडील पुष्कळ घराणीं काँग्रिगेशनल पद्धतीचीं झालीं. नाशकास इंग्लंडच्या चर्चचें मिशन आलें, म्हणून तेथील मंडळी बिशपांच्या देखरेखीखालीं वाढली. कोल्हापूर प्रेस्बिटेरियनांकडे गेलें. वसईकडे तर ह्या सर्वांच्या पूर्वीं, सोळाव्या शतकांत, पोर्तुगिजांबरोबर रोमन कॅथलिक पंथ आला. मिशनें बहुधा एकमेकांच्या क्षेत्रांत शिरत नसत. आजोबांचें गांव दहा कोस उत्तरेस असतें, तर कित्येक नातवांचा पंथ आज निराळा असता!

तेव्हां पतिपत्नींनीं प्रथम हें निवडून पाहावें कीं, आपल्यांतील श्रद्धेचा भेद कोणता आणि संवयीचा कोणता. प्रार्थना छापील वाचावी कीं मनानें करावी, गुडघे टेंकावे कीं उभें राहावें, पाळकानें झगा घालावा कीं न घालावा, ह्या बहुतांशीं संवयी होत. संवय क्षुल्लक असते असें आम्ही म्हणत नाहीं. लहानपणापासून तोंडीं बसलेली प्रार्थना ऐकूं येईनाशी झाली म्हणजे परक्या घरीं जेवावयास बसल्यासारखें वाटतें. परंतु संवय नवी लावतां येते. शिवाय मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत गीतें पुष्कळशीं एकच आहेत. नारायण वामन टिळकांचें पद चाललें असतां नगरचा कोण व नाशकाचा कोण हें सांगतां येणार नाहीं.

प्रभुभोजनाचा भेद मात्र नुसता संवयीचा नव्हे. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनाग्रंथांतील नियम असा कीं, बिशपांकडून दृढीकरण झाल्यावांचून, निदान त्याची तयारी व इच्छा असल्यावांचून, कोणास प्रभुभोजनास घेऊं नये. म्हणजे नगरास वर्षानुवर्षें प्रभूच्या मेजाजवळ जाणारी मुलगी नाशकास सून होऊन आली, कीं नियमानें तिनें बाकावर बसून राहावयाचें व पतीनें एकट्यानें पुढें जावयाचें. १९२४ सालीं प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एक होऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाली, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास, अँग्लिकनांसह सहा मंडळ्या मिळून, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. तेव्हांपासून हें दोघांचें मेज एक झालें. बाप्तिस्म्याविषयींही ह्या मंडळीनें शहाणपणाची वाट काढली : बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढपणीं स्वतः विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही तिनें मान्य केले. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी मात्र अखेरच्या घटकेस बाहेर राहिली.

खरी कसोटी लागते ती रोमन कॅथलिक व प्रॉटेस्टंट ह्यांच्या विवाहांत. कॅथलिक व्यक्तीस धर्माधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन आपल्या पंथांत व्हावें म्हणून शक्य तें सर्व करीन, असें वचन द्यावें लागतें. पूर्वीं असें वचन दोघांकडूनही घेत. १९७० सालापासून तें केवळ कॅथलिक पक्षाकडून घेतात व दुसऱ्या पक्षास त्याची माहिती देतात. पवित्र मिस्सेच्या वेळीं प्रॉटेस्टंट जोडीदारास सामान्यतः ख्रिस्तप्रसाद मिळत नाहीं. नागपुरासारखा तोडगा येथें अद्याप निघालेला नाहीं.

मुलांच्या प्रश्नांत बाहेरच्यांनीं हात घातला म्हणजे काय होतें, ह्याचें उदाहरण आयर्लंडांत घडलें. वेक्सफर्ड परगण्यांतील फेदर्ड गांवीं शीला क्लोनी ही प्रॉटेस्टंट व तिचा पति शॉन हा कॅथलिक. मुलीस कॅथलिक शाळेंतच घातलें पाहिजे असा तेथील धर्मगुरूंनीं आग्रह धरला, तेव्हां १९५७ सालीं ती दोन्ही मुलींस घेऊन गांव सोडून गेली. त्यावर गांवच्या कॅथलिकांनीं निरपराध प्रॉटेस्टंट दुकानदारांवर बहिष्कार घातला. पंतप्रधान डी व्हॅलेरा स्वतः कॅथलिक. त्यांनीं संसदेंत ह्या बहिष्काराचा निषेध केला. पुढें पतिपत्नी पुनः एकत्र आलीं, आणि मुलींस त्यांनीं दोन्ही शाळांपैकीं कोणतीही न पत्करतां घरींच शिकविलें. तेथील बिशपांनीं जाहीर क्षमा मागितली ती १९९८ सालीं.

म्हणून आमचें मत असें कीं, मुलांचें बोलणें वाङ्निश्चयापूर्वींच व्हावें, आणि तें दोघांनीं आपसांत करावें; काका, मामा व पाळक ह्यांस मागाहून कळवावें. उपासनेसाठीं कांहीं महिने दोन्ही मंडळ्यांत आळीपाळीनें, पण दोघांनीं मिळून जावें. दोघांसही परकी असलेली तिसरी मंडळी शोधणें कित्येकांस न्यायाचें वाटतें. आम्हांस तें फारसें रुचत नाहीं, कारण त्यांत एकाऐवजीं दोघांचें माहेर तुटतें. नव्या माणसास जेथें नुसता बांक न दाखवितां शब्बाथ शाळेंतील एखादा वर्ग किंवा गायकांत जागा देतात, ती मंडळी अधिक बरी. मंडळी ठरली म्हणजे जुन्या पाळकांकडून बदलीचें पत्र आणावें. हें काम आळसानें राहून जातें, आणि मग माणूस एका ठिकाणीं व नांव दुसऱ्या वहींत, अशीं वर्षें निघून जातात. आणखी एक गोष्ट तरुण जोडपीं कधीं विचारीत नाहींत : पुष्कळ गांवीं कॅथलिकांची व प्रॉटेस्टंटांची स्मशानभूमि निराळी असते. दोघांस शेजारीं शेजारीं जागा मिळेल काय, हें पाळकांस व धर्मगुरूंस आजच विचारून ठेवावें.