लेन्स घेताना पुढच्या बॉडीचा विचार करा

फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू करताना बरेच जण क्रॉप सेन्सरची बॉडी घेतात. खर्च कमी, निर्णय योग्यच. पण लेन्स घेताना एक प्रश्न विचारा : उद्या फुल फ्रेम घेतला तर ही चालेल का?

फुल फ्रेम सेन्सर साधारण ३६×२४ मिमीचा असतो, क्रॉप त्याहून लहान.

१. फुल फ्रेमची लेन्स क्रॉप बॉडीवर : माउंट तोच असेल तर बसते. फक्त दृश्य अरुंद होतं. निकॉन, सोनीवर १.५ पट, कॅननवर १.६ पट. म्हणजे ५० मिमीची लेन्स ७५-८० सारखी वागते. पोर्ट्रेटला मस्त, पण छोट्या हॉलमध्ये ग्रुप फोटो काढताना मागे सरकायला जागा उरत नाही.

२. क्रॉपची लेन्स फुल फ्रेमवर : कॅननची ईएफ-एस फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. निकॉनची डीएक्स बसते, पण क्रॉप मोडमध्ये २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात. मग महागड्या बॉडीचे पैसे कशाला मोजले?

ओळखायचं कसं? निकॉनवर डीएक्स, कॅननवर ईएफ-एस किंवा आरएफ-एस लिहिलेलं असेल तर ती क्रॉपची. सोनीत नुसतं ई म्हणजे क्रॉप, एफई म्हणजे फुल फ्रेम.

माझा हिशोब सोपा आहे. वाइड लेन्स क्रॉपचीच घ्या, कारण काम आज करायचंय. ५० आणि ८५ मात्र फुल फ्रेमच्या घ्या. बॉडी बदलते, चांगली लेन्स वर्षानुवर्षं कमावून देते.

आजचा गृहपाठ : खरेदीची यादी काढा आणि प्रत्येक लेन्सपुढे ‘क्रॉप’ की ‘फुल फ्रेम’ ते लिहा. पैसे त्यानंतरच द्या!