व्यत्यय आणि सुसंगतता : रेडिओलहरींच्या परिभाषेची तोंडओळख

रायगडाच्या पायथ्याशी, काळ आणि गांधारी नद्यांच्या खोऱ्यांत वळवाची वीज चमकू लागली, की मध्यम लहरींवर लावलेल्या रेडिओत खरखर उठते. स्नेहसंमेलनात वक्त्याच्या खिशातील मोबाईल वाजण्याच्या क्षणभर आधी ध्वनिक्षेपकातून ‘टर्र टर्र’ असा आवाज येई, हेही अनेक माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. एखादा स्वस्तातला एलईडी दिवा लावताच शेजारचा रेडिओ गुरगुरू लागतो, हा तर अलीकडचा अनुभव. या तिन्ही घटनांना आपण ‘डिस्टर्बन्स’ या एकाच शब्दात गुंडाळून मोकळे होतो. शास्त्राने मात्र त्यांच्यासाठी नेमके शब्द घडवले आहेत, आणि त्या शब्दांमागे ‘त्रास कोणी आवरायचा आणि कोणी सोसायचा’ या प्रश्नाची जवळजवळ शंभर वर्षांची चर्चा उभी आहे. आम्ही इतिहासाचे अध्यापन करणारे. म्हणून या परिभाषेकडे आम्ही त्याच वाटेने जाणार आहोत.

वारंवारता आणि लहरलांबी

तारेतून वाहणारा विद्युतप्रवाह बदलत राहिला, की तिच्याभोवती विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे बदलू लागतात व त्यांची लहर अवकाशात पसरते. एका सेकंदात होणाऱ्या आंदोलनांच्या संख्येस वारंवारता म्हणतात. तिचे एकक हर्ट्झ. आपल्या घरातील वीज ५० हर्ट्झची असते. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५ लाख ५८ हजार आंदोलनांवर चालते. लहर सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने जात असल्यामुळे या वाहिनीच्या एका लहरीची लांबी सुमारे ५३८ मीटर भरते. एफएमच्या लहरी जेमतेम तीन मीटरच्या असतात. लांब लहर जमिनीला धरून डोंगराआड उतरू शकते. आखूड लहर बहुतांशी सरळ रेषेत जाते आणि सह्याद्रीच्या कड्यांमागे तिची छाया पडते. दऱ्याखोऱ्यांतील वाडीवस्तीवर मध्यम लहरींच्या रेडिओने इतकी वर्षे सोबत केली, त्याचे कारण हेच.

संदेश आणि गोंगाट

आपल्याला हवी असलेली लहर म्हणजे संदेश. तिच्यात मिसळलेले नको असलेले सारे काही म्हणजे गोंगाट. ही विभागणी लहरीच्या अंगची नसते, ती ऐकणाऱ्याच्या हेतूवर ठरते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे अभियंते कार्ल जान्स्की यांच्याकडे अटलांटिकपलीकडील रेडिओ-दूरध्वनीत येणाऱ्या खरखरीचे मूळ शोधण्याचे काम होते. २०.५ मेगाहर्ट्झवर फिरती अँटेना लावून त्यांनी तीन प्रकार वेगळे केले : जवळच्या विजा, दूरच्या विजा, आणि एक मंद, अखंड फुसफुस. ही फुसफुस दर २३ तास ५६ मिनिटांनी आकाशाच्या त्याच भागातून परत येई. पृथ्वीची ताऱ्यांच्या संदर्भातील फेरी एवढ्याच वेळाची असते, म्हणून तिचा उगम आकाशगंगेत आहे, असे त्यांनी १९३३ मध्ये मांडले. दूरध्वनी कंपनीच्या दृष्टीने जो गोंगाट होता, तोच रेडिओ-खगोलशास्त्राचा पहिला संदेश ठरला.

विक्षोभ आणि व्यत्यय

परिभाषेत या दोन शब्दांची गल्लत चालत नाही. विक्षोभ म्हणजे कारण : एखाद्या उपकरणाच्या कामात बिघाड आणू शकेल अशी विद्युतचुंबकीय घटना. व्यत्यय म्हणजे परिणाम : त्या विक्षोभामुळे उपकरणाच्या कामात प्रत्यक्ष झालेली घट. निर्मनुष्य डोंगरावर वीज कडाडली, तर विक्षोभ झाला. ऐकणारा रेडिओ नसेल तर व्यत्यय झाला नाही.

व्यत्यय घडण्यास तीन घटक लागतात : उगम, मार्ग आणि बाधित. यांपैकी एक काढून घेतला की व्यत्यय संपतो. उगमही तीन जातींचे असतात. वीज हा नैसर्गिक उगम. मोबाईल हा हेतुपुरस्सर उगम, कारण लहर सोडणे हेच त्याचे काम. एलईडी दिवा हा अनाहूत उगम : त्याचे काम प्रकाश देण्याचे, पण त्याच्या आतील इलेक्ट्रॉनिक कळ सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करते आणि त्या झटक्यांतून नको असलेल्या लहरी निपजतात.

उत्सर्जन आणि प्रतिकारक्षमता

उपकरणातून बाहेर पडणाऱ्या विद्युतचुंबकीय ऊर्जेस उत्सर्जन म्हणतात. बाहेरून येणारा विक्षोभ सोसूनही आपले काम बिनचूक चालू ठेवण्याच्या गुणास प्रतिकारक्षमता म्हणतात. तिची उणीव म्हणजे बाधनशीलता. ध्वनिक्षेपकातील ‘टर्र टर्र’ हे याचे बोलके उदाहरण. दुसऱ्या पिढीचा मोबाईल आपली लहर अखंड सोडत नाही, सेकंदाला सुमारे २१७ तुकड्यांत सोडतो. माईकची लांब तार नकळत अँटेना होते, अॅम्प्लिफायर त्या तुकड्यांची चढउतार ओळखतो आणि आपल्याला २१७ हर्ट्झची गुरगुर ऐकू येते. येथे मोबाईलने आपली मर्यादा ओलांडलेली नसते. ध्वनिक्षेपण यंत्रणाच प्रतिकारक्षमतेत कमी पडलेली असते.

दोष कोणाकडे, हा प्रश्न रेडिओच्या बाल्यावस्थेत फार महाग पडला. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘टायटॅनिक’चा रेडिओचालक दूरच्या केप रेस केंद्राशी बोलत असताना जवळच उभ्या असलेल्या ‘कॅलिफोर्नियन’ या जहाजाने बर्फाविषयी सूचना दिली. जवळचा प्रबळ संदेश दूरच्या क्षीण संदेशावर आदळला. टायटॅनिकच्या चालकाने त्याला गप्प राहण्यास सांगितले. थोड्या वेळाने कॅलिफोर्नियनचा चालक यंत्र बंद करून झोपी गेला, आणि पुढची मदतीची हाक त्या जहाजावर कोणी ऐकली नाही. त्या काळचे ठिणगीवर चालणारे प्रक्षेपक रुंद पट्ट्यावर पसरत, त्यामुळे कोणाचा संदेश कोठे संपतो आणि दुसऱ्याचा कोठे सुरू होतो, हे धड राखता येत नसे. या आपत्तीनंतर जहाजांवर रेडिओचा अखंड पहारा ठेवण्याचे आणि लहरींच्या वापराचे नियम कडक झाले.

पुढे १९३४ मध्ये पॅरिस येथे ‘सिस्पर’ या आंतरराष्ट्रीय समितीची पहिली बैठक झाली. रेडिओ ऐकणाऱ्यांना मोटारी, यंत्रे आणि घरगुती उपकरणे यांपासून होणारा व्यत्यय मोजायचा कसा आणि त्याची मर्यादा किती ठेवायची, हे तिने हाती घेतले. भर अर्थातच उगमावर होता. उपकरणे वाढत गेली तसे बाधितालाही सक्षम करणे आवश्यक झाले. १९८९ च्या युरोपीय निर्देशाने दोन्ही बाजू एकत्र बांधल्या : उपकरणाने मर्यादेबाहेर उत्सर्जन करू नये, आणि परिसरातील अपेक्षित विक्षोभ सोसण्याइतकी प्रतिकारक्षमताही राखावी. हीच विद्युतचुंबकीय सुसंगतता. आपल्या विद्युतचुंबकीय परिसरात समाधानकारक काम करणे, आणि त्या परिसरातील इतर कशालाही असह्य विक्षोभ न पोहोचवणे, ही दोन्ही कलमे पाळल्याखेरीज एखादे उपकरण सुसंगत ठरत नाही. सारा भार एकट्या बाधितावर टाकण्याची मुभा या व्याख्येत नाही.

मार्गाचे प्रकार

विक्षोभ तारेतूनच दुसऱ्या उपकरणात शिरला, तर त्यास वहन म्हणतात. एका तारेच्या क्षेत्राने स्पर्शाविना शेजारच्या तारेत प्रवाह निर्माण केला, तर ते युग्मन. लहर होऊन तो दूरवर गेला, तर प्रारण. प्रमाणित चाचण्यांत घरगुती उपकरणांचा वहनाने जाणारा विक्षोभ साधारणपणे १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात तारेवर मोजतात, आणि ३० मेगाहर्ट्झच्या वर प्रारण हवेत अँटेनाने मोजतात. याचे कारण सोपे आहे. ३० मेगाहर्ट्झची लहर दहा मीटर लांब असते. त्याखालील लहरी आणखी लांब. वीतभर उपकरण इतक्या लांब लहरींची चांगली अँटेना होऊ शकत नाही, पण घरभर पसरलेले वायरिंग तिला वाहून नेते.

मोजमाप आणि उपाय

दोन शक्तींची तुलना डेसिबलमध्ये करतात. १० डेसिबल म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट, ६० म्हणजे दहा लाखपट. परिसरातील विक्षोभाची अपेक्षित पातळी आणि उपकरणाची प्रतिकारक्षमता यांच्यात राखलेल्या फरकास सुरक्षित अंतराळ म्हणता येईल. हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने मोबाईल त्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा, असा सल्ला देतात, तो हा अंतराळ राखण्यासाठीच.

उपायही तीन घटकांनुसार पडतात. फिल्टर तारेतील नको असलेली वारंवारता अडवतो. धातूचे कवच प्रारण रोखते. मात्र त्यात फट राहिली, तर लहर तेथूनच निसटते. योग्य अर्थिंग भटक्या प्रवाहाला सुरक्षित वाट देते. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या, की युग्मनाने आलेले प्रवाह बरेचसे एकमेकांना रद्द करतात. आणि कोणताही खर्च नसलेला उपाय म्हणजे उगम व बाधित यांच्यातील अंतर वाढवणे.

खोडदचे उदाहरण

या सर्व संज्ञा एकाच ठिकाणी पाहायच्या असतील, तर आपल्याच राज्यात, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जावे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याण येथे १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्यांची रेडिओ-दुर्बीण उभारून सूर्याचे निरीक्षण सुरू केले. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली नारायणगावजवळ महाकाय मीटरलहर रेडिओ-दुर्बीण साकारली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांपैकी चौदा मध्यभागी आणि सोळा तीन बाहूंवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. ही जागा निवडताना मानवनिर्मित गोंगाट कमी असणे ही एक महत्त्वाची कसोटी होती.

तेथे येणारा संदेश किती क्षीण, याची कल्पना अशी करावी : चंद्रावर एखादा मोबाईल चालू ठेवला, तर पृथ्वीवरून तो आकाशातील ठळक रेडिओ-स्रोतांत गणला जाईल. अशा दुर्बिणीला उच्चदाबाच्या वाहिनीवरील सैल जोडात उडणारी ठिणगीही पुरते. म्हणून तबकड्यांचे संदेश प्रकाशीय तंतूंतून नेले जातात, कारण काचेचा तंतू रेडिओलहर सोडत नाही आणि पकडतही नाही. ठिणग्यांचे क्षणिक झटके ओळखून वगळण्याची यंत्रणाही तेथे बसवली आहे.

आंतरराष्ट्रीय नियमांनी हायड्रोजनच्या १४२०.४ मेगाहर्ट्झ वारंवारतेभोवतीचा १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा प्रक्षेपणापासून मुक्त राखला आहे. परंतु विश्व प्रसरण पावत असल्यामुळे अतिदूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजनची लहर आपल्यापर्यंत येताना ताणली जाते. खोडदच्या दुर्बिणीतून टिपलेल्या आणि २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या अशा एका दीर्घिकेचा संदेश सुमारे ६२० मेगाहर्ट्झवर सापडला. म्हणजे राखीव कुंपणाच्या पूर्ण बाहेर. तेथे कागदावरचा नियम अपुरा पडतो. परिसराची शांतताच कामी येते.

पण शांततेचीही किंमत असते, आणि ती कोण मोजतो, हे विचारले पाहिजे. दुर्बिणीच्या आसपास प्रक्षेपक वा कारखाने उभारण्यास बंधने येतात. पुणे–नाशिक रेल्वेमार्गाची आखणी दुर्बिणीतील व्यत्ययाच्या कारणाने बदलण्याचे ठरले, तेव्हा मूळ मार्गच हवा, अशी मागणी त्या भागातून झाली. दुर्बीण जगाची आहे, आणि रेल्वेची गरज तेथील शेतकऱ्याची व विद्यार्थ्याची आहे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. व्याख्येतील दोन कलमे येथे माणसांना लागू करावी लागतात : उगमाने काय आवरायचे, बाधिताने काय सोसायचे, आणि ज्याच्यावर बंधन येते त्याला बदल्यात काय मिळायचे, हे मोजमाप समोर ठेवून उघडपणे ठरले पाहिजे.

आपल्या भागाशी संबंध

२२ जुलै २०२१ रोजी सावित्रीच्या पुराने महाड बुडाले आणि तळिये येथे दरड कोसळली. त्या दिवसांत मोबाईलचे जाळे कोलमडले, की एका ठिकाणाहून दुसरीकडे निरोप पोहोचवणे किती अवघड होते, हे आपण पाहिले आहे. अशा वेळी बिनतारी संचावरचा क्षीण आवाज आणि बॅटरीवरचा साधा रेडिओ यांचे मोल वाढते. तो आवाज गोंगाटात बुडू नये, यासाठी परिसर आधीपासून स्वच्छ असावा लागतो.

पालकांनी आणि मुलांनी मिळून एक प्रयोग करावा. बॅटरीवरचा रेडिओ मध्यम लहरींवर दोन वाहिन्यांच्या मधल्या रिकाम्या जागी लावावा. घरातील दिवे, चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर एकेक करून चालू-बंद करावेत आणि खरखर कशाने वाढते ते पाहावे. मग रेडिओ दूर न्यावा, फिरवून धरावा आणि फरक ऐकावा. वहीत चार रकाने आखून उगम, मार्ग, बाधित आणि उपाय यांची नोंद करावी. ज्या दिव्याने सर्वांत जास्त खरखर केली, तो बदलताना दुकानदाराकडे प्रमाणित दिवा मागावा. त्यात फिल्टरचा खर्च वाचवलेला नसण्याची शक्यता अधिक. अशा भरलेल्या वह्या विद्यार्थ्यांनी शाळेत आणाव्यात. कोणत्या वाडीत कोणता उगम अधिक आढळतो, याचा तक्ता आपण विज्ञानाच्या वर्गात लावू.