रक्तातला वारसा

आईवडिलांकडून मुलांना किती गोष्टी मिळतात! कोणाला आईचे डोळे मिळतात, तर कोणाला वडिलांची उंची. कधी कधी या वारशात एखादा आजारही येतो. जन्मापासून वाढलेले कोलेस्टेरॉल हा असाच एक आनुवंशिक आजार आहे.

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे. तो शरीराला हवाच असतो. पेशींचे आवरण तयार करण्यासाठी तो लागतो. एलडीएल नावाच्या सूक्ष्म कणांत बसून तो रक्तातून शरीरभर फिरतो. जास्तीचे कण यकृत आत घेते. त्यासाठी यकृताच्या पेशींवर जणू छोटी छोटी दारे असतात. शास्त्रज्ञ त्यांना 'ग्राही' म्हणतात.

ही दारे कमी असली तर? कण रक्तातच राहतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कोलेस्टेरॉल साठते आणि नळात गाळ साचावा तशी त्यांची वाट अरुंद होते. मग ऐन उमेदीच्या वयात हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. माणूस सडपातळ असला आणि तेल-तूप बेताने खात असला, तरीही!

अमेरिकेतील डॅलस शहरात डॉ. मायकेल ब्राउन आणि डॉ. जोसेफ गोल्डस्टीन यांनी याचे कारण शोधले. त्यांनी निरोगी माणसांच्या आणि फार आजारी मुलांच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. निरोगी पेशी एलडीएलचे कण आत घेत होत्या. आजारी पेशींना ते जमत नव्हते. या शोधाबद्दल दोघांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ग्राही कसा बनवायचा, याची सूचना एकोणिसाव्या गुणसूत्रावरील एका जनुकात असते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून येते, दुसरी वडिलांकडून. यांतील एक प्रत बिघडली तरी दारे निम्मी होतात आणि एलडीएल सुमारे दुप्पट होते.

समजा, सलीमच्या वडिलांची एक प्रत बिघडलेली आहे आणि आईच्या दोन्ही चांगल्या आहेत. सलीमला वडिलांची कोणती प्रत मिळेल? हे नाणे उडवण्यासारखे आहे. शक्यता निम्मी-निम्मी. त्याच्या बहिणीच्या वेळी नाणे पुन्हा नव्याने उडते. म्हणून चार भावंडांत दोघांनाच आजार होईल, असे मुळीच नाही. तो चौघांनाही होऊ शकतो किंवा एकालाही होणार नाही. यात मुलगा-मुलगी असा भेद नसतो.

आई आणि वडील दोघांचीही एकेक प्रत बिघडलेली असेल, तर मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. जवळच्या नात्यात लग्ने होतात तेथे असे घडण्याचा संभव वाढतो. लेबनॉन देशातील अशा कुटुंबांचा अभ्यास डॉ. अवेदिस खाचादुरियन यांनी केला व १९६४ साली तो प्रसिद्ध केला. दोन्ही प्रती बिघडलेल्या मुलांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, टाचांवर पिवळसर गाठी दिसतात. त्यांना लहानपणीच हृदयविकार होऊ शकतो.

यावर उपाय आहे का? होय. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७३ साली एका बुरशीत कोलेस्टेरॉल कमी करणारा पदार्थ शोधला. त्यातूनच 'स्टॅटिन' औषधांचा मार्ग खुला झाला. या औषधांमुळे यकृत स्वतः कमी कोलेस्टेरॉल बनवते. मग गरज भागवण्यासाठी ते चांगल्या प्रतीच्या मदतीने अधिक दारे उघडते.

लग्न जुळताना अडचण येईल, या भीतीने काही घरांत आजार लपवला जातो. लपवल्याने आजार जात नाही. उपचाराची वेळ मात्र निघून जाते. हा दोष कोणाच्या चुकीने येत नाही. घरात एकाला तो आढळला, तर त्याच्या भावंडांनी आणि मुलांनीही रक्त तपासून घ्यावे. एका माणसाची तपासणी अशा रीतीने साऱ्या घराला वाचवू शकते.

शब्दार्थ
वारसा – विरासत. आनुवंशिक – मौरूसी. पेशी – खलिया. यकृत – जिगर. अरुंद – तंग. संभव – शक्यता, इमकान

स्वाध्याय
१. यकृताच्या पेशींवरील 'दारे' कोणते काम करतात?
२. सडपातळ माणसालाही हा आजार का होऊ शकतो?
३. 'नाणे उडवण्यासारखे आहे' असे लेखकाने का म्हटले आहे?
४. आजार लपवण्याचे तोटे तुमच्या शब्दांत लिहा.