गाळा घेताय? विसार देण्याआधी एकदा पावसात पाहून या



लागणीच्या आधी आम्ही बांधावर आलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "माती तपासली का?" बेणे कुठले, निचरा कसा, पाणी खारे की गोडे, हे विचारल्याशिवाय आम्ही पुढे बोलत नाही. आपणही आता या गोष्टींना सरावला आहात. पण तोच सभासद उसाच्या बिलातून चार पैसे साठवून रस्त्याकडेचा गाळा घ्यायला निघाला, की रंग पाहतो, शटर वर-खाली करून पाहतो आणि संध्याकाळी विसार देऊन येतो. म्हणून या वेळी उसाऐवजी गाळ्याविषयी लिहीत आहोत.

आमच्या माहितीतील एका सभासदाची गोष्ट सांगतो. वेल्ह्याहून केळद आणि मढे घाटाकडे जाणारा रस्ता पासलीवरून जातो. पावसाळ्यात धबधबे पाहायला पुण्याकडची गर्दी त्या वाटेने लोटते. तिथे चहा-नाष्ट्याचे दुकान आणि मागे छोटे गोदाम करावे, असा त्यांचा विचार होता. मार्च महिन्यात गाळा पाहिला. नवा रंग, कोरडी जमीन, समोर डांबरी रस्ता. दोन हंगामांची शिल्लक विसारात गेली. आषाढात ते आम्हाला बरोबर घेऊन गेले, तेव्हा मागच्या भिंतीतून पाणी झिरपत होते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली होती. इमारतीचा निम्मा भाग डोंगर तासून केलेल्या घट्ट जागेवर आणि निम्मा भरावावर होता. भराव खचला आणि भिंत फाटली. विकणारा म्हणाला, "तुम्ही पाहूनच घेतलं ना?" विसारातले निम्मेही पैसे परत मिळाले नाहीत.

विकणाऱ्याच्या त्या बोलण्यात कायद्याचाही थोडा आधार आहे, हे लक्षात घ्या. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला साध्या काळजीने न सापडणारा मोठा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. पण जो दोष डोळे उघडे ठेवून पाहिले असते तर दिसला असता, त्याबद्दल नंतर तक्रार करणे अवघड जाते. म्हणजे पाहणी करणे ही आपलीच जबाबदारी.

पाहणीचे तीन भाग करावेत.

१) जागा. आपल्या उसाच्या पट्ट्यातला पाऊस आणि पासलीकडचा पाऊस यांत फार फरक आहे. तिकडे सह्याद्रीचा माथा जवळ, म्हणून भाताचे राज्य. खालच्या गावात वीस वर्षे टिकलेले बांधकाम तिथे तसेच टिकेल असे धरू नका. डोंगराचे पाणी कुठून उतरते, गटार आहे का, ओढ्याची वाट बुजवून तर बांधले नाही ना, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मागच्या उतारावर माती सरकल्याच्या खुणा, वाकलेली झाडे, जमिनीला पडलेल्या चिरा दिसल्या तर तो व्यवहार सोडून द्या. आपल्याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली, हे विसरू नका.

२) बांधकाम. एखादा अनुभवी स्थापत्य अभियंता बरोबर न्या आणि त्याच्याकडून लेखी अहवाल घ्या. त्याची फी म्हणजे उगाच खर्च, असे समजू नका. तो येण्याआधी आपणही काही पाहू शकता. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग बहुधा पाया खचल्याचे सांगते. स्लॅबखाली तांबूस डाग किंवा सळीच्या रेषेत चीर असेल तर आत सळी गंजली आहे. गंज फुगतो आणि काँक्रीटचा थर ढकलून पाडतो. लहान हातोडीने ठोकून पाहा. पोकळ, बद्द आवाज आला तर तो थर सुटला आहे. भिंतीच्या तळाला पांढरी खारी दिसली तर ओल वर चढते आहे. अशा भिंतीला लावून युरियाची पोती ठेवली तर त्याचे दगड होतील. आणि रंग ताजा असेल तर दोनदा पाहा. रंगाखाली पुष्कळ झाकते.

३) कागद. सात-बारा, फेरफार आणि गटाचा नकाशा काढा. इतर हक्कात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, कुळाचे नाव आहे का, सगळ्या वारसांची संमती आहे का, हे बघा. भोगवटादार वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. बांधकामाला मंजूर नकाशा आहे का, रस्त्यापासून सोडायचे अंतर सोडले आहे का, हे तहसील आणि सार्वजनिक बांधकाम खात्याकडे लेखी विचारा. रस्ता रुंद झाला तर आधी तोच गाळा जातो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. दुय्यम निबंधकाकडील निदान ३० वर्षांचा शोध वकिलाकडून घ्या. वीजबिलाची थकबाकीही पाहा, ती नवीन जोडणीच्या आड येते.

धंद्याचा हिशोबही याच पाहणीत धरावा. जून २०२४ अखेर लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील माणसे वाहून गेली. त्यानंतर जिल्ह्यातील धबधबे आणि धरणांच्या ठिकाणी मनाई हुकूम निघाले. ऐन हंगामात रस्ता बंद झाला तर गाळ्याचा हप्ता कशातून भरणार, याचे उत्तर आधी तयार ठेवा.

आता विसाराविषयी. विसार द्यायचाच असेल तर थोडा द्या, चेकने द्या, आणि कागदावर स्पष्ट लिहून घ्या की पाहणीत किंवा शोधात दोष निघाल्यास विसार अमुक दिवसांत परत मिळेल. साठेखत झाले म्हणजे गाळा आपला झाला, हा समज चुकीचा आहे. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते. नोटरीच्या कागदावर विश्वास ठेवून पुरा पैसा देऊ नका.

त्या सभासदांनी पुढे पासलीच्या अलीकडेच दुसरा गाळा घेतला. या वेळी श्रावणात दोनदा पाहिला, अभियंता नेला, शोध घेतला. किंमत थोडी जास्त पडली. पण गेल्या पावसाळ्यात त्यांच्या गोदामातले एकही पोते भिजले नाही.

बांधवहो, उसाला पाणी चुकले तर एक हंगाम जातो. गाळा चुकला तर दहा हंगामांची कमाई जाते. कुणाला असा व्यवहार करायचा असेल तर विसार देण्याआधी गट कार्यालयात या. आम्ही काही वकील किंवा अभियंता नाही, पण काय विचारायचे याची यादी करून देऊ, आणि जमले तर पावसात तुमच्याबरोबर पाहायलाही येऊ.

– ऊस विकास अधिकारी